सायकलवाले किर्लोस्कर

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेकॅनिकलवाल्यांना पंप आठवतो, इलेक्ट्रिकलवाल्यांना मोटर आठवते आणि होस्टेलवाल्यांना लाइट गेल्यावर कुठेतरी धडधडायला लागणारं इंजिन आठवतं. थोडक्यात काय, मोठा कारखाना, मोठं नाव. पण या नावाची सुरुवात कारखान्याने झालेली नाही. ती झाली बेळगावच्या एका छोट्याशा दुकानात, जिथे सायकली विकल्या जात आणि मोडलेल्या सायकली दुरुस्त केल्या जात. पाटी होती 'किर्लोस्कर ब्रदर्स'. ब्रदर्स म्हणजे अक्षरशः दोन भाऊ, लक्ष्मणराव आणि रामूअण्णा.

आपल्याकडे 'पोरगं गॅरेजमध्ये बसतं' हे वाक्य कौतुकाने म्हटलं जात नाही. शिकलेल्या मुलाने हात काळे करायचे नसतात असा एक अलिखित नियम आहे, आणि तो इंजिनिअरिंग कॉलेजातसुद्धा पाळला जातो! वर्कशॉपच्या तासाला एप्रन विसरून येणारे आपण सगळेच तो पाळतो. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र, विशेषतः कारखाना मोठा होण्याआधीचं, आपण वाचायला हवं असं वाटतं.

रंग कळेनात

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणला लहानपणापासून दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि काहीतरी खोलून पुन्हा जोडणं. शाळेत फारसा जीव रमत नव्हता. वडिलांना हे लक्षण ठीक वाटत नव्हतं. तरीही घरच्या विरोधाला न जुमानता, भावाच्या पाठिंब्यावर तो १८८५ च्या सुमारास मुंबईला आला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं की याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या मुलाला रंगच कळत नाहीत, याहून वाईट थट्टा नशीब काय करणार? आपला एखादा विषय राहिला तर आपण आठवडाभर मेसमध्ये तोंड पाडून बसतो. इथे तर सगळा कोर्सच हातातून गेला होता.

पण रेघेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. जे ड्रॉइंग आपण फर्स्ट इयरला रात्र रात्र जागून आणि ग्लास ट्रेसिंग करून 'उरकतो', त्या ड्रॉइंगवर या माणसाचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. त्याच जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्था तेव्हा नवीकोरी होती आणि माटुंग्याला नव्हे, भायखळ्याला होती. शिकवायचं आणि उरलेल्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये रमायचं. पाईप, पुली, शाफ्ट, वाफेचं इंजिन, सगळं हाताळून पाहायचं. मास्तरने कपडे खराब करून घेणं तेव्हाही विचित्रच दिसत असणार.

दोन चाकं आणि एक साखळी

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली. आज सायकल म्हणजे कॉलेजच्या स्टँडमागे गंजत पडलेली वस्तू. तेव्हा ते नवं कोरं यंत्र होतं. पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं वीतभर अशी जुनी पडाऊ सायकल मागे पडून, दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचं चाक फिरवणारी 'सेफ्टी' सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली होती. हवेचा टायर डनलॉपने बनवला १८८८ मध्ये. म्हणजे आपण ज्याला साधी सायकल म्हणतो, ती त्या वेळी यंत्रजगातली ताजी बातमी होती.

आणि जरा नीट बघा, साधी आहे का ती? साखळीचा ड्राइव्ह आहे, गिअर रेशो आहे, बॉल बेअरिंग आहे. चाकाचे स्पोक वजन वरून ताणाने धरतात. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये टेन्शन शिकतो ते तिथे बोटाने वाजवून ऐकता येतं. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांचा ट्रस. अर्ध्या सिलॅबसची प्रॅक्टिकल परीक्षा एका सायकलवर घेता येईल.

लक्ष्मणराव सायकल चालवायला शिकले, खोलायला शिकले आणि मग धंद्याचा विचार डोक्यात आला. ते मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावला रामूअण्णा त्या विकायचे. सायकल नुसती विकून भागत नव्हतं. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे! म्हणून पैसे घेऊन सायकल शिकवण्याचाही उद्योग सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानली जाते ती याच सायकलच्या दुकानापासून, १८८८ सालापासून.

बढती हुकली

मुंबईची नोकरी तशी चांगली होती. इंग्रजी अमदानी, सरकारमान्य संस्था, दर महिन्याला ठरलेला पगार. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात याहून जास्त कोणी मागत नसे. पण बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. कामात कमी पडले म्हणून नव्हे, तर कातडीच्या हिशोबात मागे पडले म्हणून.

अशा वेळी बहुतेक माणसं चार दिवस चरफडतात आणि पाचव्या दिवशी मस्टरवर सही करतात. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. त्यांनी बेळगाव गाठलं आणि पूर्ण वेळ दुकानात उभे राहिले. कॉलेजातला मास्तर आता लोकांच्या सायकली दुरुस्त करत होता. गावात काय बोललं गेलं असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. एक भरवशाचा पगार गेला होता आणि त्याच्या जागी रोज दुकानात कोण येईल यावर चूल पेटणार होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा बेळगावात काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, डांबरी रस्ते नव्हतेच. मुरूम, खडी, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात घोटाभर धूळ. म्हणजे तिथे चालणारी प्रत्येक सायकल ही आजच्या भाषेत ऑफ-रोड गाडीच होती! जे यंत्र इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यासाठी बनलं, ते इथल्या बैलगाडीच्या चाकोरीत चाललं की काय होतं? बेअरिंगमध्ये धूळ जाते, ग्रीसचा गोळा होतो, साखळी ताणते, रिम आऊट होते. ज्याने यंत्र बनवलं त्याला हे कधीच दिसत नाही, कारण तो हजारो मैलांवर बसलेला असतो. दिसतं कोणाला? दुरुस्त करणाऱ्याला.

मला वाटतं किर्लोस्करांचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज हेच. नवं यंत्र आपल्याला सांगतं की ते कसं चालायला हवं. मोडलेलं यंत्र सांगतं की ते प्रत्यक्षात कसं चाललं, कोणता भाग आधी झिजला, कुठे ताण जास्त आला, मालकाने तेल घातलं होतं की नाही. शिवाय समोर गिऱ्हाईक उभं असतं. त्याला किती परवडतं, तो काय जपतो आणि कशाकडे दुर्लक्ष करतो, हे पुस्तकात मिळत नाही.

गंमत म्हणजे त्याच सुमारास जगात इतरही ठिकाणी हेच चाललं होतं. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचं दुकान काढलं. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता ते विमानापर्यंत पोचले. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस सायकली दुरुस्त करत होता, त्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या श्कोडा गाड्यांचं मूळही १८९५ साली सुरू झालेल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात सापडतं. बेळगावचे दोघे भाऊ त्याच पंगतीतले. फरक इतकाच की त्यांना पुढे जे यंत्र करायचं होतं ते आकाशात उडणारं नव्हतं की रस्त्यावर धावणारं नव्हतं. ते रस्ता सोडून शेतात जाणार होतं.

रस्ता सोडून शेतात

दुकानाला जोडून छोटा वर्कशॉप उभा राहिला. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिकं आणि कॅटलॉग लक्ष्मणराव वाचत असत. सायकलीचा धंदा वाढायला लागला तसे त्यात इतरही उतरले. शिवाय सायकल घेणारा माणूस मूठभर शहरातला, आणि देश तर शेतावर जगणारा. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर हातात घेतला.

लाकडी नांगर जमीन चिरतो, पण पलटत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळवलेला पत्रा असतो, तो मातीचा थर उचलून उलटा टाकतो. त्यामुळे हरळी आणि कुंद्यासारखं तण मुळासकट वर येऊन उन्हात वाळतं. काळ्या जमिनीत हे तण म्हणजे शेतकऱ्याचा जुना शत्रू. तेव्हा चांगले लोखंडी नांगर परदेशातून येत. आपल्याकडेच ओतकाम करून तसा नांगर बनवायचा असं लक्ष्मणरावांनी ठरवलं.

नांगर बनला, पण विकेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. आपण हसू, पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्याजवळ एकच जमीन आहे. प्रयोग फसला तर वर्षभर खायचं काय? त्याच्या दृष्टीने ती शंका रास्तच होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून आहे, भांडवल अडकलं आहे, घर चालवायचं आहे. आज एखाद्या कंपनीचा पहिला राउंड बारगळला की आपण हातपाय गाळतो, त्यांनी दोन वर्षं नांगर पुसून ठेवले.

ज्यांनी घेतले त्यांच्या तक्रारी आल्या, आणि इथे दुरुस्तीवाल्याचा कान कामी आला. नांगरात सगळ्यात जास्त झिजतो तो फाळ. तो कठीण हवा, पण फार कठीण केला तर दगड लागला की तुटतो. बिडाचं ओतकाम करताना साच्यात ठरावीक जागी धातूचा तुकडा ठेवला, तर तिथला रस झटकन थंड होतो आणि पृष्ठभाग टणक होतो. आतला भाग मात्र तसा राहत नाही. याला चिल कास्टिंग म्हणतात, थर्ड इयरला असतं. आणि दुसरी गोष्ट, झिजलेला फाळ बोल्ट काढून बदलता आला पाहिजे, सगळा नांगर टाकून द्यावा लागता कामा नये. कुठला भाग झिजणार हे आधीच मान्य करून यंत्राची रचना करणं, यातच दुरुस्तीवाल्याचं शहाणपण आहे.

एका नोटिशीने

धंद्याला कुठे सूर सापडत होता, तोच बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. गावाची वाढ करायची होती, त्यासाठी वर्कशॉपची जागा खाली करा. यंत्रं, भट्टी, माणसं, सगळं उचलून जायचं कुठे? वय चाळिशीचं. परत नोकरी कोण देणार? (बेळगावात आज 'किर्लोस्कर रोड' आहे हा नंतरचा न्याय!)

या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणराव चित्रकार होता होता राहिलेले. त्या वेळी औंधमध्ये लक्ष्मणरावांचं बांधकामाचं काम सुरू होतं. बाळासाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची माळजमीन दिली. माळ कसला, निवडुंगाचं रान आणि साप. आजूबाजूला वस्ती नाही. पण रेल्वे होती, आणि नांगर पाठवायला रेल्वे हवीच होती.

१० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज सांगली जिल्ह्यातल्या त्या स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी आहे. आधी निवडुंग तोडला, मग तट्ट्याची घरं आणि पत्र्याची शेड, मग भट्टी.

बरोबर कोण होतं? रामूअण्णा होतेच. शंभोराव जांभेकर होते, मंगेशराव रेगे हिशोब बघत. अनंतराव फळणीकर होते, ज्यांनी शाळा अर्धवट सोडली होती पण यंत्रात ज्यांचं डोकं चालायचं. केटी लागलेल्या मित्रांनी हे नाव लिहून ठेवायला हरकत नाही! पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. आणि तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. लोक म्हणाले असतील, चोराच्या हाती किल्ल्या दिल्या. पण वाडीचा पहारा त्यांनी नीट सांभाळला. मोडलेलं यंत्र भंगारात टाकायच्या आधी एकदा खोलून बघावं, ही सवय माणसांच्या बाबतीतही राहिली असावी असं मला वाटतं.

तोफांचे नांगर

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगरांची आवक आटली, म्हणजे किर्लोस्करांच्या मालाला मागणी वाढली. पण नांगर करायला लागणारं लोखंड आणि दगडी कोळसाही मिळेना. दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळशावर भट्ट्या चालवून बघितल्या. आणि लोखंड? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते. एकेकाळी माणसं मारणाऱ्या धातूचा फाळ होऊन तो जमिनीत गेला.

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, त्याचंच पुढे प्रसिद्ध 'किर्लोस्कर' मासिक झालं. म्हणजे नांगराच्या कारखान्यातून मराठीतलं एक मोठं मासिक निघालं! आपल्या अंकाच्या संपादक मंडळाने छाती फुगवून घ्यायला हरकत नाही. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाला. नांगराच्या पाठोपाठ चरक आले, पंप आले, इंजिनं आली, लेथ आले. हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी कारखाने निघाले. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही.

एक घाव मात्र सांगायला हवा. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षांत माळावर जे उभं केलं ते डोळ्यांदेखत जळलं. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात आले होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आणि मोरिवली?

मित्रांनो, हे सगळं आपल्या अंकात कशाला, असं कोणी विचारेल. तर जरा मोरिवली एमआयडीसीकडे किंवा कल्याण-बदलापूर रस्त्याकडेला उभे राहून पाहा. टायरवाला, वेल्डिंगवाला, स्प्रिंगपाटेवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन. पावसाळ्यात चिखलाने माखलेला डंपर येतो, ट्रॅक्टर येतो, एखादी जुनी जीप येते. मेकॅनिक हब खोलतो, ग्रीस बोटावर घेतो. ग्रीस दुधाळ दिसलं की त्याला कळतं, सील गेलंय, आत पाणी शिरलंय, बेअरिंग फार दिवस टिकणार नाही. एअर फिल्टर झटकून बघतो आणि गाडी कुठल्या रस्त्यावर चालली ते सांगतो. रस्ता संपतो तिथून पुढे यंत्राचं काय होतं, हे त्याला डिझाइन करणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

त्याच्याकडे ड्रॉइंग नाही, आणि आपल्याकडे त्याचं बोट नाही. लक्ष्मणरावांकडे दोन्ही होतं, म्हणून सायकलच्या दुकानातून नांगर निघाला. नाहीतर दुरुस्तीची दुकानं तेव्हाही बरीच असणार आणि ड्रॉइंगचे मास्तरही बरेच.

यातून कोणी असं समजू नये की सगळ्यांनी डिग्री सोडून गॅरेज टाकावं. लक्ष्मणरावांनाही दुकानाने लगेच श्रीमंत केलं नाही. दोन वर्षं नांगर पडून होते, जागा गेली, कारखाना जळला. दुरुस्तीवर पोट भरणं तेव्हाही सोपं नव्हतं आणि आज तर नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं भरलंय की रस्त्याकडेच्या मेकॅनिकला ती गाडी वाचताच येत नाही, त्याचं पोट अवघड होत चाललंय. पण म्हणूनच आपली गरज त्याला आहे आणि त्याची आपल्याला. प्रोजेक्टचा विषय शोधत आपण नेटवर रात्री घालवतो, आणि विषय कॉलेजपासून चालत जायच्या अंतरावर जॅकवर चढलेला असतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जाऊन दोन तास नुसते उभे राहा. सुरुवातीला तो तुम्हाला पाना धरायला देईल, नंतर कदाचित बोलेलही. काय मोडतं आणि का मोडतं, एवढंच विचारा. कपडे खराब होतील, होऊ द्या.